बॉर्न अँड ब्रॉट अप, चिंचवळ

“जीप परत फिरवा पाव्हणं. सूनबाई येत न्हाई,” मामा म्हणाले आणि सोप्यातल्या कॉटवर पाय वर घेऊन बसले.

माझा भाऊ परशराम उंबऱ्याबाहेर चपला काढत होता. तो तसाच एका पायावर थांबला. हुक्केरीहून सकाळीच भाड्याची जीप घेऊन निघाला होता. रस्ता खराब म्हणून आईनं मागच्या सीटवर गादी अंथरून दिली होती. मी ट्रंक भरून, वेणी घालून तयार बसले होते. दोहाळजेवण झालेलं, ओटी भरलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणाला विचारून ठरवायची गोष्ट नव्हती. ते लग्नाबरोबरच ठरलेलं असायचं.

“चेष्टा करताय व्हय आबा?” दादा हसत म्हणाला.

“माझ्या तोंडाकडं बघ. चेष्टा दिसती का?”

दिसत नव्हती. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, गाव त्यांना आबा चौगले म्हणायचं. चिंचवळात कुणाच्या बांधाचा तंटा असो नाहीतर देवळाच्या कळसाची वर्गणी, शेवटचा शब्द आबांचा. त्या दिवसांत मात्र गाव त्यांच्या पाठीमागं फिदीफिदी हसत होतं आणि त्यांना ते कळत होतं, म्हणून घरात त्यांच्यापुढं उभं राहायची सोय उरली नव्हती.

“कारण तरी सांगा,” दादा म्हणाला. “आई वाट बघत बसलीय.”

“कारण?” मामांनी माझ्याकडं बोट केलं. “तुझ्या भनीला विचार. बीए झालीया इंग्लिशमधी. सांग गं, काय लिवलंय कंपनीच्या गेटावर?”

ते वाक्य मी पुन्हा तोंडातून काढणार नव्हते.

ते लिहिलं मात्र माझ्याच हातानं होतं. गावाच्या माळावर पंप बनवणारी कंपनी आली. तिच्या नोकऱ्या गावच्याच पोरांना मिळाव्यात म्हणून समिती झाली आणि मामा तिचे अध्यक्ष. कंपनीचा साहेब म्हणाला, तुमची अट काय ती इंग्लिशमध्ये लिहून द्या, आम्ही तीच पाळू. कुठल्याशा मोठ्या साहेबाच्या सत्काराला मामा गेले होते. तिथं तो साहेब छातीवर हात ठेवून म्हणाला होता, आय ॲम बॉर्न अँड ब्रॉट अप हिअर, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला होता. तेव्हापासून ते शब्द मामांच्या तोंडात बसले. म्हशीची धार काढणाऱ्या गड्यालासुद्धा ते ऐकवत.

“लिही,” त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. “जे बॉर्न अँड ब्रॉट अप इन चिंचवळ आस्तील, त्यास्नीच पैलं काम.”

“मामा, रेसिडेंट लिहूया. रहिवासी.”

“रहिवासी तर परवा खोली भाड्यानं घेतलेला बी आसतोय. कंपनी आल्यापासनं निम्मा तालुका हितं येऊन पडलाय.”

“मग नेटिव्ह लिहू.”

“नेटिव्ह?” ते उसळलेच. “गोरं सायब म्हनायचं आपल्याला नेटिव्ह. शिवी हाय ती!”

मी पेन खाली ठेवलं. “पण मामा, बॉर्न म्हणजे जन्म इथं झालेला पाहिजे. आपल्या गावात थोरलं पोर कुणाचं इथं जन्मलंय? हे संकेश्वरला जन्मले. तुम्ही स्वतः कापशीला, आजोळी.”

सोप्यात समितीची माणसं बसली होती. ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग एकदम हसत सुटली. मामाही हसले.

“आगं, बाळतपनाला बाई म्हायेरला जाती, म्हनून त्ये काय जल्मगाव झालं व्हय? पोरगं बापाच्या गावात जल्मतंय. लिही गुमान.”

मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं. कंपनीनं ते जसंच्या तसं पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात रंगवून गेटावर लावलं. मामा रोज संध्याकाळी तिकडं फिरायला जायचे आणि वाचता येत नसलेल्यांना ते वाचून दाखवायचे.

मग भरती झाली. माझा नवरा, सर्जेराव, आयटीआय झालेला टर्नर. आता इतकी वर्षं झाली की त्याचं नाव घ्यायला माझी जीभ अडत नाही. शहरातल्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये तो राबत होता आणि गावात परत यायची वाट बघत होता. कंपनीच्या साहेबानं त्याचा शाळेचा दाखला बघितला. जन्मस्थळ, संकेश्वर. दाखला परत केला. सर्जेराव हुज्जत घालायला लागल्यावर साहेब शांतपणे म्हणाला, “अट आमची नाही. तुमच्या वडिलांची आहे.”

गावातली थोरली पोरं एकामागोमाग एक अशीच बाहेर पडली. जी शिकलेली, जी हाताशी आलेली, नेमकी तीच. आत गेला तो माझा धाकटा दीर उत्तम. मॅट्रिकला आपटी खाल्लेला, पण जन्म चिंचवळचा. त्याला निळा युनिफॉर्म मिळाला. तो दिवसभर तो अंगावरून काढेना. अट बदलून घ्या म्हणून गाव मामांच्या मागं लागलं, तर मामा म्हणाले, चौगल्यानं लिहून दिलेलं चौगला खोडत नाही. कंपनीला काय, ती खूषच होती; गावची शिकलेली पोरं घ्यायचं बंधन आपोआप सुटलं होतं. पानपट्टीवरची पोरं मामांना बघून एकमेकांना विचारायला लागली, “काय रं, तू बॉर्न का ब्रॉट अप?”

आणि सर्जेराव रात्रंदिवस माझ्यावर जळफळत होता. “लिवताना तुजा हात कसा अडला न्हाई?” एवढंच तो महिनाभर माझ्याशी बोलला होता.

“अडला होता,” मी सांगितलं होतं. “तुमच्या बापानं ढकलला.”

त्यावर त्यानं ताट लोटून दिलं होतं.

तर आता तो दारात उभा होता, दादाची वाट अडवून.

“आबा म्हनत्यात ते बरोबर हाय,” तो म्हणाला. “माझं पोरगं हितंच जल्मंल. उद्या कुनी त्याचा दाखला बघितला, तर त्याला माझ्यावानी मान खाली घालून बाहेर याय नको.”

“आवो दाजी, पोरगं अजून पोटात हाय. त्याच्या नोकरीचं आत्तापास्नं?” दादा म्हणाला.

“आत्तापास्नंच! माझ्या बापानं माझ्या टायमाला इचार केला न्हाई, मी करनार.”

“आन् पोरगी झाली तर?”

उत्तम युनिफॉर्मच्या बटणाशी खेळत बसला. मामांनी कॉटखालचा तांब्या उचलला, पाणी प्यायले आणि मिशा पुसल्या.

“झाली तर बघू,” ते म्हणाले.

माझं डोकं सणकलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, “मामा, मला आईकडं जायचं आहे. मला इथं भीती वाटते.”

खरं तेच होतं. मला रात्री दचकून जाग यायची. सासरच्या या घरात मी मोठ्यानं खोकलेलंही चालत नव्हतं. जेवायला बसले तर दुसरी भाकरी मागायची लाज वाटायची. आणि तिथं मी बाळंत व्हायचं, या माणसांच्या तोंडादेखत. आईच्या हाताला धरून वाट्टेल तेवढं ओरडावं, एवढंच मला हवं होतं.

“भ्या कशाचं?” मामा म्हणाले. “सुईन बोलवू, नर्स बोलवू. चौगल्याच्या घरात काय कमी हाय? हुक्केरीत काय सोन्याचा पलंग घातलाय तुज्या बापानं?”

“बापाला मधी आणू नका,” दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “माजी भन काय तुमच्या कंपनीचं मशीन हाय व्हय, जाग्यावरच बसवाय पायजे म्हनायला? मी तिला न्यायला आलोय, नेनार.”

“नेऊन तर बघ!”

“काय करशीला?”

सर्जेरावनं दादाच्या शर्टाला हात घातला. दादानं त्याचा हात झटकला. बाहेर जीप पुसत असलेला ड्रायव्हर फडकं टाकून बघायला लागला, आणि शेजारच्या कुंपणावर दोन डोकी वर आली. मामांना तेवढंच नको होतं. ते ताडकन उठले.

“ऐक गं,” ते मला म्हणाले. “ह्या दारातनं पाऊल टाकलंस, तर त्ये पोर चौगल्याचं न्हाई असं समजीन मी. परत हिकडं तोंड दावायचं न्हाई. जा!”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, कशाला बघितलं कोण जाणे. तिथं आत्याबाई उभ्या होत्या, माझ्या सासूबाई. त्यांच्याकडून मला मदतीची काडीची आशा नव्हती. आमचं कधी जमलंच नाही. आमटीत मीठ कमी पडलं तरी त्या माझ्या बीएला नावं ठेवायच्या. त्या सकाळीसुद्धा माझी ट्रंक बघून म्हणाल्या होत्या, “म्हायेरचं लईच कवतिक बाई ह्या पोरींस्नी.” त्यांच्या तोंडात कायम मिस्री असायची, त्यामुळं भांडणात त्या सहसा पडत नसत. बोलायचंच झालं तर आधी परसात जाऊन थुंकून यायच्या, तोवर निम्मं भांडण मिटलेलं असायचं.

त्या परसात गेल्या. चूळ भरल्याचा आवाज आला. परत आल्या आणि सोप्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. मामा सोप्यात असताना त्यांना तिथं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

“उत्तम कुठं जल्मला वो?” त्यांनी मामांना विचारलं.

“ह्ये काय इचारनं झालं? हितं जल्मला. म्हनून तर कंपनीनं घेतलाय.”

“हितं म्हंजी कुठं?”

“घरात!”

“घरात कुठं? खोली दावा.”

मामांनी माजघराकडं हात केला, मग तो हात जरा हलला, आणि खाली आला. त्यांना माहीतच नव्हतं.

“गोठ्यात,” आत्याबाई म्हणाल्या. “म्हशीच्या गोठ्यात जल्मलाय त्यो.”

उत्तमनं बटणावरचा हात काढला.

“तुमच्या धाकट्या भनीचं लगीन झाल्तं, घरात गोंधळ घातलेला. माजं पोट दुखाय लागलं. तुमची आई म्हनली, सोयर झालं तर देव बाटतोय, पाव्हणं उपाशी उठत्यात. पोत्यावर निजवली मला. म्हस बांधलेली तशीच. वरडू नगं म्हनली, पाव्हणं बसल्यात. मी पदर कोंबला तोंडात. पार आत पतुर कोंबला.”

त्या हे अगदी भाकऱ्या किती झाल्या ते सांगावं तशा आवाजात सांगत होत्या.

“तुमी पंगतीला बसलावता,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू येत व्हतं तुमचं. वाढप्याला म्हनत व्हता, हिकडं घाल की अजून.”

“मला काय ठावं तवा...” मामा म्हणाले.

“तुमाला कवाच काय ठावं नसतंय. सर्जाच्या टायमाला माजी आई व्हती. संकेश्वरात दाराला पडदा लावून बसली व्हती माज्याजवळ. मी घसा फाटंस्तवर बोंबललो, आई नुस्ती पाठीवरनं हात फिरवायची. दुसऱ्या टायमाला आई न्हवती. भाऊ न्यायला आल्ता. असाच. हितंच हुबा ऱ्हायला व्हता, ह्या पाव्हण्यावानी. तुमच्या बानं त्याला परत लावून दिला. पेरनी हाय, कोन करनार म्हनला. तुमी तवाबी ह्याच जाग्यावर बसलावता.”

“हौसा, आत जा,” मामा म्हणाले.

“आत कुठं? गोठ्यात?”

सर्जेराव आईकडं बघत होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण तो तिच्यावरच भडकला. “आई, ह्ये आत्ता काढायचं काय कारन? उत्तमला नोकरी लागली, मला लागली न्हाई, एवढंच खरं हाय.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “म्या गोठ्यात पोत्यावर बाळतीन झालो, म्हनून ह्याला नोकरी लागली. तुमी गावभर पेढं वाटलासा. मला पेढा बी कुनी दिला न्हाई.”

उत्तमनं मान खाली घातली. तो उठला आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघून गेला.

मी ट्रंकेची कडी धरली. दादानं ती माझ्या हातातून घेतली. सर्जेराव वाटेत होता. तो बाजूला झाला नाही, आणि त्यानं अडवलंही नाही. दादा ट्रंक त्याच्या खांद्याला घासून घेऊन गेला.

“इचार करून जा,” सर्जेराव मला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला दिसलं याचाच त्याला राग आला होता. “आबा बोललेलं माघारी घेत न्हाईत.”

“मग घेऊ नका म्हणावं,” मी म्हणाले. “तिथं दवाखाना आहे, आई आहे. यायचं असेल तर या. पोर कुणाचं ते तुम्ही ठरवा.”

मी उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं. खांबाला धरून चपला पायात सरकवल्या. मागं वळून नमस्कार करायचा असतो. मी केला नाही.

जीपमध्ये बसले तोवर आत्याबाई बाहेर आल्या होत्या. पायात चपला, खांद्यावर जुन्या लुगड्याचं धडपं, हातात मिस्रीची डबी. बाकी काही नाही.

“मलाबी घे,” त्या दादाला म्हणाल्या. “वाटंत संकेश्वर लागतंय. तितं सोड.”

दादा गोंधळला. “मावशी, तितं कोन हाय आता?”

“भाऊ हाय. नसला तर त्याचं घर हाय. पडदा लावायला दार तर आसंल.”

“हौसा!” आतून मामा ओरडले. “गाव बघतंय!”

कुंपणावर आता दोनाची सहा डोकी झाली होती. आत्याबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघून घेतलं, साडीचा घोळ आवरला आणि माझ्या शेजारी गादीवर येऊन बसल्या. जीपचं दार लागलं. मामा सोप्याच्या कडेपर्यंत आले, पण पायरी उतरले नाहीत. त्यांना एकट्याला घरात चहा करून घेता येत नव्हता, हे मला त्या क्षणी आठवलं आणि बरं वाटलं.

जीप खडखडत निघाली. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं. त्यांच्या हातावर मी हात ठेवला.

त्यांनी हात काढून घेतला.

“तुज्यासाठी न्हाई आलो,” त्या म्हणाल्या. “उगं भरून येऊ नगं. आमटी तुला अजून जमत न्हाई.”

मी हात मांडीवर घेतला. त्यांनी डबी उघडली, बोटानं मिस्री दाताला लावली आणि समोर बघत बसल्या. हमरस्त्याला लागायच्या आधी कंपनीचं गेट होतं. तिथं म्हशींचा कळप आडवा आला आणि ड्रायव्हरनं जीप थांबवली. बोर्ड माझ्याच बाजूला, हातभर अंतरावर होता, निळी अक्षरं उन्हात चमकत होती.

“त्यो बोर्ड ह्योच का?” त्यांनी तोंड वर करून, मिस्री सांभाळत विचारलं.

घरात महिनाभर त्या वाक्यावरून ताटं आपटत होती, पण त्यात काय लिहिलंय ते आत्याबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

“व्हय,” मी म्हणाले.

“वाच.”

मी वाचलं.

“इंग्लिश नगं. काय म्हनायचंय त्येला?”

“जो चिंचवळात जन्मला आणि चिंचवळातच वाढला, त्याला पहिलं काम.”

त्यांनी त्या अक्षरांकडं बोट केलं.

“जल्म कुनी दिला, त्ये?”

“ते न्हाई लिहिलं.”

“आन् वाढीवला कुनी?”

“तेपण न्हाई.”

त्या माझ्या पोटाला धक्का लागू नये असं बेतानं माझ्यावरून वाकल्या, खिडकीचा अर्धा ओढलेला ताडपत्रीचा पडदा पुरता बाजूला सारला आणि तोंडातली सगळी मिस्री नेम धरून बाहेर थुंकल्या. काळा ओघळ निळ्या अक्षरांवरून खाली आला. गेटावरचा वॉचमन ओरडत पुढं धावला.

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पडदा सोडला.

“चल रं,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. “म्हशी गेल्या की.”